ओहोटीच्या वाळूवर मुलींचा फुटबॉल

पौर्णिमेच्या संध्याकाळी आमच्या किनाऱ्यावर पाणी खूप आत गेलेले असते. ओली, घट्ट वाळू दूरपर्यंत मोकळी पडते. त्या वाळूवर वर्षानुवर्षे मुलगेच खेळत आले. मुली कडेला उभ्या राहायच्या. कोणाच्या कडेवर धाकटा भाऊ, तर कोणाच्या डोक्यावर पाण्याची कळशी. हे दृश्य आम्हीही कितीदा पाहिले असेल. पण त्यात काही खटकण्यासारखे आहे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. समाजकार्य करतो म्हणविणाऱ्या आमच्यासारख्या माणसाची ही कबुली आहे.

ते ध्यानात आले ते घरातल्याच एका प्रसंगाने. आमची पुतणी नववीत असताना शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडली. घरी आणल्यावर आजीने मीठ-मोहऱ्या हातात घेतल्या. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "वयात आलेली पोर आहे, होतं असं." आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेले. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.२ ग्रॅम! डॉक्टर म्हणाले, "ही पोर रोज अर्ध्या ताकदीवर चालते आहे. आजवर कोणाच्या लक्षात कसे आले नाही?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. कचेरीत आम्ही दिवसभर जमाखर्चाचे आकडे जुळवतो, एक रुपया कमी आला तर रात्री झोप लागत नाही. आणि घरातल्या मुलीच्या अंगातले रक्त कमी होत होते, त्याची नोंद मात्र कोणत्याच वहीत नव्हती.

घरोघरची गोष्ट

वाचकहो, ही एका घराची गोष्ट नाही. २०१९-२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले, की आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींपैकी ५९ मुलींना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातही १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया याच रांगेत आहेत. बारा वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असले, की तिला रक्तक्षय आहे असे समजतात.

कारणे साधी आहेत. वाढीच्या वयात रक्त अधिक लागते, आणि त्याच वयात दर महिन्याला पाळीवाटे ते जाते. जेवणाच्या रांगेत मुलगी शेवटी बसते, म्हणजे तिच्या ताटात रस्सा येतो आणि तुकडा भावाकडे जातो. अनवाणी चालण्याने व उघड्यावरच्या घाणीमुळे पोटात जंत होतात, ते उरलेसुरले रक्त पितात. त्यात भर म्हणजे जेवणाबरोबर कपभर चहा. त्या चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले, त्या वर्षी मुरूड-श्रीवर्धनकडे कित्येक घरांची कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, बागेतली मजुरी बुडाली. अशा वेळी घरात पहिली काटछाट कोणाच्या ताटात होते, हे आपण सारेच जाणतो.

औषध नाही असे नाही. शाळांतून आठवड्याला एक लोहाची निळी गोळी देण्याची सरकारी योजना २०१२-१३ पासून आहे. जंताची गोळीही वर्षातून दोनदा मिळते. पण गोळी तोंडात घालण्यापूर्वी मुलीला कळले पाहिजे, की ती कशासाठी घ्यायची. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, म्हणून मुली ती दप्तरात टाकतात आणि घरी येताना पऱ्ह्यात फेकतात. आमच्या पुतणीनेही तेच केले होते! भिंतीवरचा तक्ता कोणी वाचत नाही, आणि व्याख्यानात पाळीचा शब्द निघाला की मुली माना खाली घालतात. मग हे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोचवायचे कसे?

चेंडूने शिकविलेले धडे

या प्रश्नाचे एक उत्तर जगात ठिकठिकाणी सापडले आहे, ते म्हणजे फुटबॉल. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेने आरोग्याच्या अकरा धड्यांचा एक कार्यक्रम तयार केला. दक्षिण आफ्रिकेतल्या खायेलित्शा या गरिबांच्या वस्तीत तो आधी करून पाहिला, आणि २००९ मध्ये मॉरिशस व झिंबाब्वे या देशांत नेला. त्याची रीत अशी, की दीड तासातला अर्धा वेळ खेळातले एक कौशल्य शिकायचे आणि उरलेला अर्धा वेळ त्याच कौशल्याच्या आधाराने आरोग्याचा एक धडा घ्यायचा. पास देताना मुली-स्त्रियांचा मान राखणे शिकायचे. चेंडू पायात ठेवून समोरच्याला चुकवताना दारू, तंबाखू यांना चुकवणे शिकायचे. आलेला चेंडू अडवताना शुद्ध पाण्याचा धडा, आणि गोल राखताना औषध नेमाने घेण्याचा धडा. पायाने केलेली गोष्ट डोक्यात राहते, हे त्यामागचे सूत्र.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम जुने आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. पुढे मुलीही मैदानात आल्या, आणि खेळाच्या सोबतीने आरोग्याचे, पाळीच्या स्वच्छतेचे शिक्षण सुरू झाले. २०१६ मध्ये फिफाने या संस्थेला आपला विविधता पुरस्कार दिला. बारसे सरांच्याच कार्यावरून नागराज मंजुळे यांनी काढलेला 'झुंड' हा चित्रपट २०२२ मध्ये आपल्यापैकी अनेकांनी सहकुटुंब पाहिला असेल.

मुंबईच्या कफ परेडजवळच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड या तरुणाने २००६ मध्ये 'ऑस्कर' संस्थेचे काम सुरू केले. त्यांचा नियम मोठा मार्मिक आहे, "नो स्कूल, नो फुटबॉल". म्हणजे शाळा बुडविली तर खेळ नाही! आपल्याच रायगड जिल्ह्यात कर्जत येथे 'मॅजिक बस' या संस्थेचे केंद्र आहे. १९९९ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही संस्था आधी खेळ आणि मग त्या खेळावर गप्पा, याच रीतीने मुलामुलींना आरोग्य आणि शिक्षणाचे धडे देते.

ही सारी कामे पाहून-वाचून आम्ही ठरविले, की आपल्या वाळूवर एक चेंडू आणायचा. फुटबॉलच का? तर हिशेब सोपा आहे. क्रिकेटला बॅट, स्टंप, पॅड लागतात, आणि एक जण खेळतो तेव्हा बाकीचे उभे असतात. फुटबॉलला एक चेंडू लागतो, आणि बावीस जणी एकाच वेळी धावतात. कबड्डी-खोखो आपलेच खेळ, तेही जरूर खेळावेत. पण मुलींनी पायाने चेंडू मारायचा, मोठ्याने ओरडून पास मागायचा, ही गोष्ट त्यांच्या अंगातली भीडच काढून टाकते. घरात ज्या मुलीचा आवाज कधी ऐकू येत नाही, ती "इकडे दे, इकडे!" म्हणून हाक मारते, तेव्हा तिचा बापसुद्धा वळून पाहतो.

रक्ताचा धडा देण्यासाठी आम्ही एक खेळ बसविला. वाळूवर दोन रेघा मारायच्या. एक रेघ म्हणजे फुप्फुस, दुसरी म्हणजे पाय. मुली म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी, आणि नारळाच्या करवंट्या म्हणजे प्राणवायू. दोन गट करून करवंट्या एका रेघेकडून दुसरीकडे पोचवायच्या. पहिल्या डावात दोन्ही गटांत सारख्या मुली. दुसऱ्या डावात एका गटातल्या निम्म्या मुली बाहेर काढायच्या. उरलेल्या मुली तेवढ्याच करवंट्या वाहता वाहता धापा टाकू लागतात. मग विचारायचे, "दम का लागला?" उत्तर मुलीच देतात, "आम्ही कमी होतो म्हणून." झाले! रक्तक्षय म्हणजे काय, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. त्या दिवशी एका मुलीने सर्वांदेखत विचारले, "म्हणजे मला जिना चढताना धाप लागते, ती यामुळेच का?"

आक्षेप आणि उत्तरे

काम सुरू होताच आक्षेप आले. येणारच होते. वस्तीतल्या एक वृद्ध आजी म्हणाल्या, "पोरीच्या जातीनं चारचौघांत चेंडू लाथाडायचा का रे?" आजींचा आम्ही मान राखतो; पण त्यांचा शब्द मात्र कानात घुमत राहिला. पोरीची जात! बाहेरची जात नाकारण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी एवढा संघर्ष केला, आणि घरातल्या घरात ही एक जात आपण जपून ठेवली की काय? आम्ही आजींना एवढेच म्हणालो, "आजी, एक दिवस येऊन बघा." आजी आल्या, पदर डोक्यावर घेऊन होडीच्या आडोशाला बसल्या. आता नातीला उशीर झाला तर त्याच हाक मारतात.

दुसरा आक्षेप आयांचा. खेळल्याने मुलीच्या कुशीला धक्का बसेल, पुढे मूल होणार नाही, ही भीती. ही भीती निराधार आहे. गर्भाशय कमरेच्या हाडांच्या पिंजऱ्यात सुरक्षित असते, आणि जगभरच्या खेळाडू स्त्रियांना मुले होतात. ज्या बाया भरल्या दिवसांत टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठतात, त्यांच्या मुलींना चेंडूने काय होणार?

तिसरा आक्षेप पाळीचा. पाळीत खेळले तर अंगावर जास्त जाते, असे म्हणतात. तसे होत नाही. बऱ्याच मुलींचे पोटात दुखणे हालचालीने कमी होते. ज्या दिवशी बरे वाटत नाही त्या दिवशी बसावे. पण ते 'शिवायचे नाही' म्हणून नव्हे, तर विश्रांती हवी म्हणून. कपडा वापरत असाल तर तो सुती असावा, साबणाने धुवून उन्हात वाळवावा; दुसऱ्या कपड्याखाली दडवून सावलीत वाळवू नये. चार ते सहा तासांनी बदलावा. आणि तासाभरात घडी भिजत असेल किंवा पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल, तर लाज न धरता डॉक्टरांना दाखवावे. रक्तक्षयाचे मूळ पुष्कळदा तिथेच असते.

मुलींना खेळू न देण्याची ही रीत आपल्याच देशातली आहे, असेही समजू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावी कारखान्यातल्या कामगार मुलींनी 'डिक, कर लेडीज' नावाचा संघ काढला. १९२० च्या नाताळात लिव्हरपूल येथे त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या मैदानांवर त्यांना बंदी केली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली! ज्यांची मैदाने त्यांचाच नियम, मग ते साहेब का असेनात.

एक काळजी मात्र खरी आहे. मुलींच्या गुडघ्याला दुखापतीचा धोका मुलांपेक्षा अधिक असतो. त्यावर उपाय आहे. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. खेळण्यापूर्वी वीस मिनिटे पद्धतशीर धावणे, उड्या, तोल सांभाळणे असे व्यायाम केले, तर दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात, असे त्यात दिसले. म्हणून आमच्याकडे आल्याबरोबर कोणी चेंडूला पाय लावीत नाही.

जागा कोणाची?

सर्वात कठीण प्रश्न जागेचा. पहिल्या दिवशी क्रिकेटवाली मुले म्हणाली, "काका, ही आमची पीच आहे." आम्ही विचारले, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" मुले हसली, पण हलली नाहीत. ठाणे जिल्ह्यातल्या मुंब्रा येथे मुलींनी 'परचम' या गटाच्या साहाय्याने फुटबॉल सुरू केला, तेव्हा त्यांनाही हीच अडचण आली. त्या मुलींनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि मुलींसाठी मैदानाची मागणी लोकप्रतिनिधींकडे नेली. हिंदू आणि मुस्लिम, दोन्ही घरच्या मुली त्यात एकत्र खेळल्या.

आपण तर महाडच्या जिल्ह्यातली माणसे. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क आहे, हे २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी कृतीने दाखवून दिले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच त्यांनी स्त्रियांना स्वच्छ, नीटनेटके राहण्याचा आणि मुलींना शिकविण्याचा उपदेश केला. सार्वजनिक वाळूवर आपल्याच मुलींचा हक्क आपल्याच मुलांना समजावून सांगताना आम्हाला याहून दुसरा दाखला शोधावा लागला नाही. मुलांशी बोलणी झाली, आणि वाळू वाटून घेतली.

वाटणी केली ती भरती-ओहोटीच्या हिशेबाने. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास असते, म्हणून संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. त्या दिवशी आणि त्याच्या आगेमागे दोन-दोन दिवस वाळू सर्वात मोठी मिळते. हे दिवस मुलींचे. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी पाणी वर चढलेले असते, तेव्हा खेळ नाही. त्या दिवशी समाजमंदिरात बसायचे, आशाताईंना बोलवायचे, वजन-उंची पाहायची, गोळ्यांची नोंद करायची. पौर्णिमेला मुली आधी खेळतात, हातपाय धुतात आणि मग वंदनेला येतात. पावसाळ्यात समुद्राकडे जायचे नाही, हा नियम कडक आहे.

सुरुवात कशी करावी

ज्या वस्तीत हे करायचे असेल तिथल्या कार्यकर्त्यांसाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट, घरी जाऊन आई आणि बाप दोघांची संमती घ्यावी. चोरून खेळविलेला खेळ चार दिवसही टिकत नाही.

दुसरी, मैदानावर निदान एक जाणती स्त्री हवीच. पाळीचे आणि शरीराचे बोलणे तिनेच करावे. अंगाला नको असलेला स्पर्श म्हणजे काय आणि तो झाल्यास कोणाला सांगायचे, हेही पहिल्या महिन्यातच सांगावे. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक मुलीला पाठ असावा.

तिसरी, खेळण्यापूर्वी प्रत्येकीचे हिमोग्लोबिन उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. फार कमी असेल तिला डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज धावू देऊ नये. खाण्यासाठी महाग काही लागत नाही. सुकट, जवळा, नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, शेवग्याचा पाला, लाल माठ हे सारे आपल्याच बाजारात आहे. त्यावर लिंबू पिळावे किंवा आवळा खावा, म्हणजे लोह अंगी लागते. चहा जेवणानंतर तासभर थांबून घ्यावा.

चौथी, कागदपत्रे. झारखंडमध्ये रांचीजवळच्या खेड्यांत 'युवा' ही संस्था २००९ पासून मुलींना फुटबॉल शिकविते. २०१३ मध्ये तिथल्या मुली स्पेनमधल्या स्पर्धेत खेळल्या आणि एका स्पर्धेत तिसऱ्या आल्या. पण पारपत्रासाठी जन्माचा दाखला मिळविताना त्या शेतकऱ्यांच्या मुलींना किती खेटे घालावे लागले, ते त्या वेळी वर्तमानपत्रांत आले होते. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचे खाते ही तीन कामे खेळाच्या निमित्ताने उरकून घ्यावीत. कारकुनी पेशाच्या माणसाला समाजासाठी करता येईल, असे हे काम आहे.

शिखराकडेही थोडे पाहावे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या शेजारी, नवी मुंबईत नेरूळला झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरविले. ५ जुलै २०२५ रोजी भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवून आशिया चषकात प्रवेश मिळविला. दोन्ही गोल संगीता बासफोर हिने केले. आपल्या सर्व मुली तिथवर जाणार नाहीत, आणि जायलाच हव्यात असेही नाही. त्या दमदार व्हाव्यात, एवढे पुरे.

शेवटी पुतणीविषयी. डॉक्टरांनी तिला सुरुवातीला धावायला मनाई केली होती. ती रडली. मग आम्ही तिच्या हातात शिटी दिली आणि तिला पंच केले. सर्व मुलींच्या गोळ्यांची वही तिच्याचकडे सोपविली. दुसऱ्यांच्या नावापुढे रोज खूण करणारी मुलगी स्वतःची गोळी कशी टाकणार? काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले, ते ११.१ झाले. हा गुण गोळ्यांचा आणि खाण्याचा, हे आम्ही जाणतो. पण गोळी पऱ्ह्यात न जाता पोटात गेली, ती खेळामुळे.

मधल्या काळात तिच्यासाठी एक स्थळ आले होते. मुलगा मुंबईत कामाला, घर चांगले, घाई फार. आजीचे मन वळत होते. कायद्याने अठरा पुरी झाल्याशिवाय लग्न नाही, हे आम्ही सांगायला तोंड उघडणार, तोच पुतणी आतून बाहेर आली. पूर्वी पाहुण्यांसमोर चहाचा कप ठेवताना तिचा हात थरथरायचा. त्या दिवशी ती उभी राहून म्हणाली, "काका, माझं बारा ग्रॅम व्हायचंय अजून. आणि बारावी पण."

पाहुणे चहा घेऊन गेले. येत्या पौर्णिमेला सामना आहे. भगिनींनो, आपापल्या मुलींना घेऊन या. सहाला पाणी आत असेल.